चंद्रपूर ते एड्रियाटिक : आठ जणांची एक बोट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेलं भाषण. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडं नीट करून इथे दिलं आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परदेश प्रवासाचे अनुभव’ असं छापलं आहे. पण सकाळी फिरायला निघालो की मला दोनच प्रश्न विचारले जातात. एक, एकूण किती लागले? दोन, तुम्ही चार घरचे आठ जण सात रात्री एका बोटीत राहिले, तर भांडण झालं की नाही? दोन्हींची उत्तरं देतो. पैशाचं लवकर आटोपेल. भांडणाला जरा वेळ लागेल.

आधी बोटीबद्दल. आम्ही भाड्याने घेतली ती कॅटमरान. अलिबागला जाताना गेटवेहून मांडव्याला कॅटमरानने गेलेले इथे बरेच असतील. ती प्रवाशांची ने-आण करते, आमची राहण्याची होती, एवढाच फरक. शब्द मूळचा तमिळ आहे, कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे झाड, लाकूड. बांधलेली लाकडं. इंग्रजांनी तो उचलला आणि पुढे दोन अंगांच्या कुठल्याही बोटीला तो चिकटला. हे वाचलं तेव्हा मला भामरागडकडचं एक दृश्य आठवलं. पावसाळ्यात तिकडे दोन डोंगे शेजारी-शेजारी लावून वर बांबू आडवे बांधलेले मी पाहिले आहेत, आणि त्या बांबूंवर मोटरसायकल उभी. एकटा डोंगा कुशीवर लवंडतो, जोडी केली की सहसा लवंडत नाही. आमची बोट म्हणजे तोच जोडडोंगा. लांबी चौदा मीटर, रुंदी पावणेआठ, दोन्ही अंगांत मिळून चार खोल्या, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम, मधे स्वयंपाकघर आणि बैठक, पुढे दोन अंगांच्या मधोमध ताणून बांधलेली जाळी. त्या जाळीवर पालथं पडून खालचं पाणी बघत राहायचं. माझ्या मते सगळ्या प्रवासात पैसे वसूल करणारी जागा तीच.

आता चंद्रपूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलं, असं आमच्या घरीच विचारलं गेलं होतं. आपण छेचाळीस अंशात तापणारी माणसं. पाणी म्हणजे आपल्याला इरई धरण आणि आठवड्यातून एकदा बंद पडणारी सोसायटीची मोटर. आठांपैकी पोहता येणारा एक. पण एका घरचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, त्याने डोक्यात भरवलं की क्रोएशियाच्या किनाऱ्यावर बेटं जवळजवळ आहेत, रोज दोन-चार तासांत एका बेटावरून दुसऱ्यावर पोहोचता येतं, आणि आठ जण असले तर बोट हॉटेलपेक्षा फार महाग पडत नाही. शेवटचं वाक्य ऐकून आमचे खजिनदार जागे झाले.

भाड्याचे प्रकार आपल्याला ताडोब्यावरून चटकन समजतील. एक प्रकार नुसती बोट. चालवायचं तुम्ही, त्यासाठी परवाना लागतो, वायरलेस वापरण्याचं प्रमाणपत्र लागतं. दुसरा, बोट आणि कप्तान. तिसरा, बोट, कप्तान आणि वर स्वयंपाक-आवरसावर करणारं माणूस. म्हणजे जिप्सी, चालक आणि गाईड असं पूर्ण. आम्ही तिसरा घेतला. अगदी मोठ्या, मालकीच्या खलाशांसह येणाऱ्या बोटींचे करार तिकडच्या दलालांच्या ‘मायबा’ नावाच्या संघटनेच्या छापील नमुन्यावर होतात. त्यात भाड्याशिवाय भाड्याच्या पंचवीस-तीस टक्के रक्कम कप्तानाकडे आधीच ठेवायची असते. डिझेल, बंदराचं भाडं, खाणंपिणं त्यातून. तो हिशेब ठेवतो, उरलेलं परत करतो. आमची बोट त्या मानाने गरीब, पण पद्धत तीच. आपल्याकडच्या मेंटेनन्स डिपॉझिटसारखं समजा, फक्त इथे उरलेलं खरंच परत मिळतं. (हशा. सचिवांनी मनावर घेऊ नये.)

आकडे लिहून घ्या. बोटीचं आठवड्याचं भाडं ५,२०० युरो. कप्तानाचे दिवसाला २०० आणि स्वयंपाकीणबाईंचे १८०, सात दिवसांचे. शिवाय कप्तानाकडे ठेवलेली वर्गणी १,६००. बेरीज ९,४६०. आठांनी भागली की माणशी एक लाख दहा हजार रुपयांच्या आसपास. विमान, व्हिसा, विमा वेगळे. निघताना बक्षिसी द्यायची रीत आहे, भाड्याच्या पाच ते पंधरा टक्के. आम्ही सहाशे दिले. त्या सहाशेवरूनही वाद झाला, तो पुढे येईल. जुलै-ऑगस्टात हेच भाडं बरंच चढतं. आम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेलो, तेव्हा उतरलेलं असतं. पितृपक्ष होता. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, ‘पितरपाठात कायले समुद्रात जाता?’ मी म्हटलं, आत्या, पितरांनाही स्वस्तच आवडलं असतं.

व्हिसाचं एकच सांगतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. त्यामुळे कागदपत्रं नेहमीच्या शेंगेनचीच, तीस हजार युरोंचा आरोग्य विमा धरून. आणि सामान. कडक सूटकेस नेऊ नका, बोटीत ठेवायला जागा नसते. घडी होणारी कापडी बॅग न्या. तूप, पेढे, खवा यातलं काही नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. तूरडाळ, तिखट, गोडा मसाला, पोहे आम्ही नेले. खर्रा खाणाऱ्यांनी आधीच मन घट्ट करावं. आमच्यातल्या एकाने चार दिवस नुसत्या बडीशेपेवर काढले, आणि बोटीवर सगळ्यात जास्त चिडका तोच होता.

शनिवारी संध्याकाळी स्प्लिटच्या बंदरात बोट ताब्यात मिळाली. तिकडे बोटींचा आठवडा शनिवार ते शनिवार. स्प्लिट म्हणजे जिथे रोमन बादशहा डायोक्लेशियनने इसवी सन ३०५ च्या सुमारास निवृत्तीनंतर राहायला राजवाडा बांधला ते गाव. आज त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आत लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात. सतराशे वर्षांची इमारत आणि लोक राहताहेत, मग आपल्या पंचवीस वर्षांच्या स्लॅबला गळती कशी लागते, हा प्रश्न मी तिथेच विचारला होता. असो.

बोटीवर चढल्यावर आधी चपला काढायच्या, हे आम्हाला नवीन नव्हतं. मग वाटलं, आता चहा मिळेल. कप्तानाने चहा दिला नाही. तिशीचा पोरगा, उन्हाने भाजलेला, कमी बोलणारा. त्याने आठही जणांना बैठकीत बसवलं आणि पाऊण तास शिकवलं. लाइफ जॅकेट कुठे आहेत, कसं घालायचं, पट्टा कुठून घ्यायचा. प्रत्येकाने घालून दाखवायचं. माणूस पाण्यात पडला तर एकाने त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही, बाकीच्यांनी ओरडायचं. मी शुद्धीवर नसेन तर वायरलेसवर सोळा नंबरची वाहिनी लावून काय बोलायचं. आग विझवायचं नळकांडं कुठे. संडासात काय टाकायचं नाही. आम्ही हसत होतो. दोघा-तिघांनी जॅकेट घालून फोटो काढले आणि इथल्या ग्रुपवर टाकले, तुम्ही अंगठे दिलेच आहेत. माझ्या पत्नीने मात्र तो वायरलेसचा भाग वहीत मराठीत लिहून घेतला आणि वही उशीखाली ठेवली.

पहिले तीन दिवस म्हणजे सुख. ब्राच बेटावर बोल गावाजवळ बारीक खड्यांचा एक पांढरा सुळका समुद्रात शिरलेला आहे, वारा आणि प्रवाहाप्रमाणे त्याचं टोक वळतं. तिथे नांगर टाकला. दुपारी बाराच्या पुढे वायव्येकडून हलका वारा सुटतो, त्याला ते माएस्त्राल म्हणतात, चांगल्या हवेचा वारा. त्यावर शिडं उभारायची आणि इंजिन बंद. इंजिन बंद झाल्यावर जो आवाज उरतो, तो मला इथे सांगता येणार नाही. दोन्ही अंगांखालून पाणी जाताना कुणीतरी तांदूळ पाखडतंय असं काहीसं.

स्वयंपाकीणबाईंनी पहिल्या दिवशी ब्लित्वा केली. चाकवतासारखी एक भाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्हचं तेल. आमच्या बायका म्हणाल्या, ही तर आपलीच, फक्त तिखट विसरली. तिसऱ्या दिवसापासून बाई आमच्याकडून वरण शिकल्या आणि त्यात लिंबाबरोबर रोजमेरी घालायला लागल्या. वाईट नव्हतं.

पाणी सातशे लिटर. आठ आम्ही, दोन ते. दुसऱ्याच दिवशी काटा अर्ध्यावर आला, कारण एका घरी रोज डोक्यावरून आंघोळ करायची पद्धत आहे. मग सभा झाली, ठराव झाला. समुद्रात डुबकी, मागच्या पायरीवर दोन मिनिटं गोड्या पाण्याचा फवारा, संपलं. पंचवीस वर्षं पाण्याच्या टाकीवरून भांडलेली माणसं आम्ही. वीस मिनिटांत ठराव पास झाला तो त्या अनुभवामुळेच, असं मला वाटतं. खोल्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, इथल्या पार्किंगच्या चिठ्ठ्यांसारख्या. हे ते भांडण नव्हे. ते चौथ्या दिवशी झालं.

आमच्या सगळ्या बेताचा कळस म्हणजे बिशेवो बेटावरची निळी गुहा. विस नावाच्या दूरच्या बेटापलीकडे हे छोटं बेट आहे. विस युगोस्लाव्हियाच्या काळात लष्कराचं ठाणं होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. त्या गुहेत पाण्याखालच्या एका भोकातून ऊन शिरतं आणि सकाळी अकरा-बाराच्या सुमारास आतलं पाणी निळं पेटल्यासारखं दिसतं. लहान होडीतून, डोकं खाली करून आत जायचं. मुलाने व्हिडिओ पाठवला होता. चारही घरांनी तो महिनाभर पाहिला होता. मंगळवारी विस गाठायचं, बुधवारी सकाळी गुहा.

मंगळवारी सकाळी आम्ही ह्वार गावासमोरच्या पाक्लेनी बेटांच्या आडोशाला होतो. आकाश स्वच्छ. पाणी असं की खालची बोटीची सावली दिसावी. कप्तानाने वायरलेसवर हवामानाचं बुलेटिन ऐकलं, कॉफी ठेवली आणि म्हणाला, विसला जायचं नाही. उद्या युगो येतोय. आज दुपारी ह्वार बेटाला वळसा घालून पलीकडे स्टारी ग्राडला जाऊ, तिथला खाडीचा आडोसा चांगला आहे. युगो म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. तो लांबवरून पाणी ढकलत आणतो, लाटा मोठ्या करतो आणि दोन-तीन दिवस राहतो. त्यात गुहा बंदच ठेवतात, तोंडाशी लाट उसळली की होडी आत जात नाही.

मग झालं ते झालं. आणि ते करणारा मुख्यतः मी होतो, हे इथे कबूल करतो, नाहीतर समोर बसलेले सात जण करून देतील. मी म्हटलं, आकाश बघ. मी म्हटलं, आजच जाऊ, उद्या सकाळी लवकर गुहा पाहू आणि वारा यायच्या आत परत येऊ. तो म्हणाला, वारा घड्याळ बघून येत नाही. मी म्हटलं, आम्ही दहा हजार किलोमीटर... ते जाऊ द्या, पुष्कळ लांबून आलोय, पैसे मोजलेत. आमच्या खर्रा सोडलेल्या मित्राने शिव्या मराठीत दिल्या म्हणून बरं. मी खोलीत जाऊन करार घेऊन आलो. इंग्रजीत सहा पानं. मला दाखवायचं होतं की मार्ग भाडेकरूच्या इच्छेने ठरतो असं लिहिलं आहे. तसं लिहिलेलं होतंच. पण त्याच्या खालचं कलम मी चंद्रपूरला वाचलं नव्हतं. बोट सुरक्षित नाही अशा ठिकाणी किंवा अशा हवेत नेण्याचा हुकूम कप्तानावर बंधनकारक नाही, निर्णय त्याचा. मोठ्या करारांतही हे कलम असतंच, हे नंतर कळलं. मी ते वाचून दाखवलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं. त्याने मात्र ओळखलं असावं, कारण तो हसला नाही आणि म्हणाला, तक्रार लिहायची असेल तर माझ्याकडे पेन आहे.

अडीच-तीन तासांत स्टारी ग्राड. कुणी कुणाशी बोललं नाही. गाव फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पारोस बेटावरच्या ग्रीकांनी वसवलेलं, आणि त्यांनी दगडी बांधांनी आखलेली शेतं आजही त्याच रेषांवर कसली जातात. युनेस्कोच्या यादीत आहेत. द्राक्षं आणि ऑलिव्ह. इतर वेळी मी तासभर त्यावर बोललो असतो. त्या दिवशी मी शेतं पाहिली आणि मनात गुहा होती.

आता नीट ऐका. बुधवारी सकाळी वारा आला नाही. सात वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. गुहेची वेळ. वारा नाही. आम्ही धक्क्यावर बसून एकमेकांकडे बघत होतो आणि मी मोठ्याने म्हटलं, ‘आतापर्यंत पाहून झाली असती.’ कप्तान दोरखंड तपासत होता, त्याने ऐकलं, काही म्हणाला नाही. बाराच्या पुढे आकाश मळकट झालं, हवा चिकट झाली, आपल्याकडे पावसाच्या आधी होते तशी. दोन वाजता वारा आला. चारपर्यंत खाडीच्या तोंडाशी पांढरं उसळायला लागलं होतं आणि बाहेरून एकामागून एक बोटी आत येत होत्या. काहींवरची माणसं हिरवी-पिवळी झालेली. एका बोटीवरच्या बाईला दोघांनी धरून उतरवलं. अपघात कुठलाच झाला नाही. म्हणजे आम्ही गेलो असतो तर कदाचित गुहा बंद मिळाली असती, कदाचित उघडी मिळून येताना हाल झाले असते, कदाचित काहीच झालं नसतं. ते कधीच कळणार नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला हीच अडचण असते. न झालेली गोष्ट तो दाखवणार कशी?

त्या रात्री दोरखंड करकरत होते आणि मला झोप नव्हती. मला सिरोंचा आठवत होतं.

१९९१ साली मी सिरोंच्याला बँकेत होतो. जिल्हा वेगळा होऊन नऊ वर्षं झाली होती, पण रस्ते तेच. रेल्वे पकडायची तर प्राणहिता ओलांडून पलीकडे आंध्रात जायचं आणि मंचिर्याल गाठायचं. पूल नव्हता, नाव होती. ऑगस्ट महिना. बहिणीच्या लग्नाची बोलणी होती नागपूरला. मी घाटावर गेलो तर नावाडी काठावर बिडी ओढत बसलेला. पाणी चहासारखं, मधून ओंडके वाहत होते. तो म्हणाला, ‘वद्दु सार.’ नको साहेब. मी त्याला वेळ दाखवली. तो पुन्हा म्हणाला, वद्दु. मग मी बँकेचा साहेब झालो. दहा रुपये जास्तीचे दिले आणि आवाज चढवला. त्याचं कर्जप्रकरण आमच्याच शाखेत होतं, ते मी बोललो नाही, पण त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तो उठला. साहेब चाललेत म्हटल्यावर काठावरचे आणखी सात जण चढले. एका म्हातारीजवळ शेळी होती.

मधोमध एका ओंडक्याने आम्हाला फिरवलं. पूर्ण गोल. कुणी ओरडलं नाही, हे मला अजून लक्षात आहे. नावाड्याने वल्ह्याने ओंडका ढकलला आणि पुढे आम्ही लागलो ते ठरलेल्या घाटाच्या खूप खाली, एका शेताच्या कडेला. मी चिखलातून पळत जाऊन गाडी पकडली. लग्न जमलं. ही गोष्ट मी आजवर ‘आमच्या वेळी कसे हाल होते’ म्हणून सांगत आलो. त्या सात जणांना मी चढवलं, हे मला स्टारी ग्राडच्या धक्क्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा जाणवलं.

आणि मग अर्थातच गणपूर. २३ जानेवारी २०२४. चामोर्शी तालुक्यातलं गणपूर, मधे वैनगंगा, पलीकडे आपला जिल्हा. मिरची तोडायला रोज नावेने पलीकडे जाणाऱ्या बायका. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. तेव्हा आपण सोसायटीत दोन मिनिटं उभे राहिलो होतो. मी आठव्या मजुरीच्या आकड्यावर हळहळलो होतो आणि मग बाजारात ओल्या मिरचीचा भाव विचारला होता. तिथे कोण चुकलं हे मला सांगायचं नाही, तो माझा अधिकार नाही. मला एवढंच आठवत होतं की आम्हाला, फिरायला गेलेल्या आठ निवृत्त माणसांना, पाऊण तास जॅकेट घालायला शिकवलं गेलं होतं.

शुक्रवारी वारा पडला, स्प्लिटला परतलो. बक्षिसीच्या वेळी एका घराने म्हटलं की गुहा दाखवली नाही, शंभर कमी द्या. मतदान झालं. पाच विरुद्ध तीन. पूर्ण सहाशे दिले. कप्तानाने वर्गणीचा हिशेब समोर ठेवला, प्रत्येक पावती टाचलेली. बंदराच्या पावत्या जाड, कारण कॅटमरान रुंद असल्याने मरीनात जास्त भाडं पडतं. दोन दिवस बांधून राहिल्याने डिझेल वाचलं होतं. २३६ युरो परत मिळाले. रुपयांत बावीस हजारांच्या आसपास.

ते वाटून घ्यायचे नाहीत हे विमानातच ठरलं. प्रत्येक घराने पाच हजार घातले. बेचाळीस हजारांत तीस जॅकेटं आली. नदीकाठच्या एका गावी, जिथून बायका अजून पलीकडे कामाला जातात, तिथे आम्ही ती घेऊन गेलो. गावाचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. हार-तुरे झाले, फोटो झाला. महिन्याने न सांगता गेलो. जॅकेटं नावाड्याच्या छपरीत खुंटीला टांगलेली. दोन लेकरांच्या अंगात होती, क्रिकेट खेळत होते.

नावाडी ढिवर समाजाचा, पन्नाशीचा. रागावला नाही. म्हणाला, ‘साहेब, जाकीट घातलं का जागा जास्त लागते. धा बाया बसते तिथं सातच बसते. तीन बायाईचं भाडं मी कोणाले मागू?’ मग म्हणाला, ‘अन् वारा असला का मी नाय म्हनतो. त्या म्हनते, मंग आमची मजुरी तू देशीन का?’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. परतीच्या गाडीत आमच्या खजिनदारांनी विचारलं, आपण स्टारी ग्राडला दोन दिवस बांधून होतो, त्या दोन दिवसांचे कप्तानाला किती दिले? मी म्हटलं, दिवसाचे दोनशे, नेहमीचेच. बोट हलो न हलो. पुढे कुणी काही बोललं नाही. मूलपर्यंत गाडीत सगळे गप्प होते. करारातलं ते कलम मी खिशात घातलं होतं ना, त्याच्यामागे हे दिवसाचे दोनशे उभे होते. ते नसते तर त्या पोराने मला पेन दाखवलं असतं का, मला शंका आहे. सिरोंच्याच्या माणसाजवळ कलम नव्हतं आणि दिवसाचे पैसेही नव्हते, माझे दहा रुपये तेवढे होते.

म्हणून आम्ही चार घरांनी एक वही केली आहे. नावाड्याशी बोलून झालं आहे, आणि त्या बायकांच्या बचत गटाशीही. ज्या दिवशी नावाडी ‘आज नाही’ म्हणेल, त्या दिवसाचं त्याचं ठरलेलं भाडं त्याला मिळेल आणि नेहमी जाणाऱ्या बायकांना अर्धी मजुरी. खोटं ‘नाही’ म्हणेल अशी भीती आमच्या एका सभासदाने घातली. घालू दे. पहिल्या हंगामात किती दिवस होतात ते पाहू. गटाच्या अध्यक्षबाई हिशेब ठेवणार आहेत आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत आम्हाला विचारलं की पैसे कोणत्या तारखेला येतील, नक्की सांगा, म्हणजे आम्ही त्यावर भरवसा ठेवायचा की नाही ते ठरवू. सात जणींसाठी जॅकेटं नावेतच, काढायची नाहीत, ही अट त्यांनीच घातली. उरलेल्या तीन जागांचं भाडं वहीतून.

सोसायटीच्या निधीतून हे देता येणार नाही. उपविधीत बसत नाही, अध्यक्षांनी सकाळीच मला सांगितलं आणि ते बरोबर आहे. वही स्वतंत्र आहे. आज जेवणाच्या मंडपाच्या उजव्या हाताला, पाण्याच्या जारजवळ टेबलावर ठेवली आहे. हंगाम डिसेंबरात सुरू होतो. पहिले पैसे एक तारखेला द्यायचं मी कबूल करून आलो आहे.

गुहेचा व्हिडिओ कुणाला पाहायचा असेल तर मुलाने पाठवलेला माझ्याकडे अजून आहे.